नंतर लागेल

मंगळवारी सकाळी दिवा गेलं आणि मुंब्रा यायच्या आत मी वारलो. मारलं एका न्यूटने. न्यूट म्हणजे पाण्यातली पाल म्हणा. झाडू नुसता दाखवला तरी पळेल एवढाच जीव. फोनच्या पडद्यावर माझी कबर उभी राहिली. कबरीवर नाव, नावाखाली जमवलेलं सोनं, त्याखाली मृत्यूचं कारण आणि तळाशी साल. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून ते सावकाश वाचलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "जवळचे होते का?"

"मीच," मी म्हणालो.

ते निमूटपणे खिडकीकडे सरकले. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसलेल्या माणसासाठी तिसऱ्याने आपण होऊन सरकावं, असं फास्ट लोकलमध्ये सहसा होत नाही. त्यासाठी मरावंच लागतं.

खेळाचं नाव नेटहॅक. तो माझ्या फोनमध्ये घातला कल्याणच्या भाच्याने. तो आयटीत आहे, त्यामुळे आमच्याकडे आला की आधी सगळ्यांचे फोन तपासतो आणि मग चहा घेतो.

"मामा, गाडीत रोज त्या रंगीत गोळ्या फोडत बसता. कंटाळा नाही येत?"

"येतो. पण तोवर ठाणंही येतं."

"त्यापेक्षा हे घ्या. ह्यात चित्रं नाहीत, गाणी नाहीत, जाहिराती नाहीत."

"मग आहे काय?"

"फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर पुढची चौकशी करू नये, असा आमच्या घराण्याचा शिरस्ता आहे. मी खेळ घेतला.

उघडला तर काळा पडदा आणि त्यावर ठिपके, चिन्हं, सुटी अक्षरं. डब्याबाहेर चिकटवलेल्या रिझर्वेशन चार्टवर पाऊस पडून गेल्यासारखं दिसत होतं. भाच्याने समजावलं, "तुम्ही म्हणजे हा @. ठिपके म्हणजे फरशी. # म्हणजे बोळ. % म्हणजे खायचं काहीतरी, ! म्हणजे बाटली, ? म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी. आणि इंग्रजी अक्षरं म्हणजे जनावरं. स्मॉल डी कुत्रा, कॅपिटल डी ड्रॅगन."

"आणि जिना?"

"हे त्रिकोणी टोक. पन्नासेक मजले उतरायचे, येंडॉरचा ताईत शोधायचा, परत सगळे मजले चढून वर यायचं आणि तो देवाला वाहायचा."

"लिफ्ट?"

"नाही."

म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच. फक्त तिथे लिफ्टचा मेन्टेनन्स भरावा लागत नाही.

या खेळाच्या घराण्याचा मूळपुरुष 'रोग' नावाचा खेळ. १९८० च्या सुमारास सांताक्रूझला शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. सांताक्रूझ कॅलिफोर्नियातलं, दादरला गाडी बदलून जाता येतं ते नव्हे. पुढे त्यांना केन अरनॉल्ड येऊन मिळाला. त्या काळच्या टर्मिनलवर अक्षरांपलीकडे फारसं काही उमटत नसे, म्हणून त्यांनी अक्षरांवर भागवलं. आता फोनवर अख्खा सिनेमा दिसतो, तरी ही मंडळी अक्षरांना धरून आहेत. २००८ साली तर बर्लिनमध्ये या खेळांच्या रचनाकारांची परिषद भरली आणि 'रोगसारखा' कोणत्या खेळाला म्हणावं याचे निकष काढले गेले. त्यावरून वाद अजून चालू आहेत म्हणे. २०१७ साली साहित्य संमेलन भरवलेल्या डोंबिवलीच्या माणसाला अशा लोकांबद्दल आपुलकी वाटणारच.

निकषांतले तीन मला अनुभवाने पाठ झाले. पहिला, तळघराचा नकाशा दर डावाला नवा. दुसरा, तुम्ही कळ दाबेपर्यंत जग थांबतं. समोर ड्रॅगन आ वासून उभा असेल, तरी तुम्ही चहा पिऊन या, तो तसाच उभा. आमच्यासाठी आजवर रिक्षावालाही थांबलेला नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मी ड्रॅगनला उगीचच दोन स्टेशनं ताटकळत ठेवलं. आणि तिसरा, मेलात की मेलात. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटात साप गिळतो, पण खालच्या घरात सोडतो तरी. इथे सगळा डाव पुसला जातो. परत पहिला मजला, परत रिकामी पिशवी.

खरी गंमत कळफलकात आहे. एरवी चढायला एक कळ आणि मारायला एक कळ एवढ्यावर खेळ उरकतात. इथे जवळजवळ प्रत्येक अक्षराला काम आहे, आणि स्मॉलचं काम वेगळं, कॅपिटलचं वेगळं. स्मॉल डब्ल्यू म्हणजे हत्यार हातात घेणे, कॅपिटल डब्ल्यू म्हणजे चिलखत चढवणे. स्मॉल ई म्हणजे खाणे, कॅपिटल ई म्हणजे जमिनीवर कोरणे. स्मॉल टी म्हणजे फेकणे, कॅपिटल टी म्हणजे अंगातलं चिलखत उतरवणे. हा शेवटचा फरक माझ्या चांगला लक्षात आहे. कोपरच्या वळणावर गाडी कलली, मागच्याचं कोपर माझ्या अंगठ्यावर आलं, आणि चालून येणाऱ्या राक्षसावर खंजीर फेकण्याऐवजी मी त्याच्यासमोर शांतपणे कपडे काढायला लागलो. चिलखत उतरवायला वेळ लागतो, आणि एकदा सुरू केलं की मध्ये बोलायची सोय नाही. राक्षसाने तेवढ्यात उरकलं. दुसऱ्या एका प्रसंगी दार उघडायला गेलो आणि भिंतीला लाथ मारली. पायाला लागलं. कमी आयुष्य उरलेल्या माणसाने भिंतीला लाथ मारली तर तो तेवढ्यानेही दगावतो, आणि कबरीवर तसं स्वच्छ लिहिलं जातं. वाचणारे नेहमीचेच चार जण.

कारण लोकलमध्ये फोन एकाच्या हातात असला तरी वाचणारे चार असतात. आमच्या ग्रुपमध्ये माझ्या काळ्या पडद्यावर बरीच चर्चा झाली.

"टॅली आहे का हो?"

"छे, टॅलीत कुत्रा कुठे असतो? शेअर बाजार असणार. ते बघा, डॉलरचं चिन्ह."

"कोडिंग आहे ते," खिडकीवाले म्हणाले. खिडकीवाल्यांचा शब्द आमच्या डब्यात अखेरचा असतो. ते रोज डाऊन गाडीने कल्याणला जाऊन, तीच गाडी पकडून बसून येतात. एवढं शिस्तीचं आयुष्य जगणारा माणूस उगीच बोलणार नाही.

मी "हो" म्हणालो नाही, "नाही"ही म्हणालो नाही. नुसता चष्मा सारखा केला. त्या दिवसापासून मान वाढला. मला बसायला तिसरी सीट मिळू लागली. भजनवाले मी गंभीर चेहऱ्याने पडद्याकडे बघतोय असं दिसलं की टाळ हळू वाजवत. ठाण्याला उतरणाऱ्यांनी फास्ट गाडीत का चढावं, या आमच्या डब्यातल्या सनातन वादातसुद्धा "त्यांना काम करू द्या रे" असं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं जाऊ लागलं. एकदा तर मी कुजबुजत "मर, मर, मर मेल्या" म्हणालो, तेव्हा एकाने दुसऱ्याला समजावलं, "प्रोग्रॅममध्ये बग असेल."

घरी मात्र खेळाला वेगळाच आधार मिळाला. एका संध्याकाळी नवा डाव सुरू केला, तर पडद्यावर सूचना आली: जपून राहा, आज अमावस्या आहे.

मी चपापलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं, तिथे जाऊन पाहिलं. खरोखर अमावस्या होती. हा खेळ फोनमधली तारीख बघतो आणि चंद्राची कला काढतो. पौर्णिमेला नशीब थोडं वधारतं, आणि तेरा तारखेला शुक्रवार आला तर देवाची प्रार्थनासुद्धा अंगावर उलटते.

"काय बघताय?" सौभाग्यवती म्हणाल्या.

"अमावस्या आहे का ते."

"आहेच. सकाळीच सांगितलं होतं, आज नवं काही सुरू करू नका म्हणून. माझं ऐकायचं नाही, फोनने सांगितलं की लगेच पटतं."

तरी बरं, तिला खेळातला देव सांगितला नव्हता. तो भुकेने कासावीस झालेल्याला एका प्रार्थनेत तृप्त करतो, पण थोड्याच वेळात पुन्हा हाक मारली की चिडतो. वारंवार त्रास दिला तर वीज पाडतो. दर संकष्टीला त्याच त्या बढतीसाठी रांगेत उभा राहणारा मी, हे वाचून जरा विचारात पडलो आणि पुढच्या संकष्टीला नुसतं दर्शन घेऊन आलो.

पण मी इतक्यांदा का मरतो, याचा उलगडा होत नव्हता. राक्षस वाईट, कळफलक वाकडा, गाडी हलते, हे सगळं होतंच. शिवाय बाटल्या. खेळात सापडणाऱ्या बाटल्यांवर लेबल नसतं, नुसता रंग असतो. गुलाबी, हिरवी, धुरकट, फेसाळ. कुठल्या रंगात काय आहे ते दर डावाला बदलतं. भाचा म्हणाला, "मामा, पिऊन बघितल्याशिवाय कळत नाही." हे डोंबिवलीच्या माणसाला सांगतोय! २०१४ साली आमच्याकडे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. रंगीत पाणी दिसलं की ते न पिता, न शिवता, लांबून फोटो काढून ग्रुपवर टाकावं, एवढं तारतम्य आमच्यात उपजत आहे. मी एकही बाटली प्यालो नाही. जमवत मात्र गेलो. गुंडाळ्या जमवल्या, कांड्या जमवल्या, गंजलेल्या तलवारी, जास्तीची शिरस्त्राणं, दोन मेणबत्त्या. सामान वाढलं की खेळ 'ओझं झालंय' म्हणतो आणि तुम्ही रखडत चालायला लागता. त्या ओझ्यासकट मी जिन्यावरून गडगडलो. त्यावर अख्खं भरलेलं खाण्याचं पाकीट पिशवीत असताना उपाशी राहिलो, कारण आधी शिळं संपवावं ही लहानपणापासूनची शिकवण. मेलेलं जनावर फार वेळ पडून राहिलं की त्याचं विष होतं. मी शिळं संपवलं. शिळ्याने मला संपवलं. पाकीट तसंच सीलबंद राहिलं.

आणि मेल्यावर हा खेळ एक प्रश्न विचारतो: तुमच्या सामानाची ओळख पटवून देऊ का? हो म्हटलं की यादी येते. न्यूटने मारलं त्या डावात धुरकट बाटली पूर्ण बरं करणारी होती. एक नव्हे, तीन होत्या. मी तीन वेळा धडधाकट होऊ शकलो असतो, आणि पालीच्या हातून गेलो.

उलगडा झाला तो एका रविवारी, आणि तोही कोडिंगच्या पापाने. गाडीतल्या खिडकीवाल्यांनी मला गाठलं. "आमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट अडकलंय. तुम्ही जरा बघता का?" तिसरी सीट डोळ्यांसमोर आली. मी "पाठवा की" म्हणालो.

मुलगा लॅपटॉप घेऊन आला. बायकोने पोहे केले आणि मला आत बोलावून विचारलं, "तुम्ही त्याला कोडिंग शिकवणार? सेट-टॉप बॉक्स बंद पडला की केबलवाल्याला मी फोन करते."

बाहेर आलो तर मुलगा टीपॉयवरच्या माझ्या फोनकडे टक लावून बघत होता.

"काका, हे तर नेटहॅक."

मी दार लावून घेतलं. "बाबांना सांगू नकोस."

"नाही सांगणार. तुम्हीही सांगू नका. माझं प्रोजेक्ट ह्यानेच अडकलंय."

त्या क्षणापासून आमच्यात वयाचा फरक उरला नाही. त्याने मला खेळाचा इतिहास सांगितला. १९८७ साली आलेला हा खेळ लोक अजून फुकट सांभाळतात. २००३ च्या डिसेंबरात एक आवृत्ती आली आणि पुढची अधिकृत आवृत्ती थेट २०१५ च्या डिसेंबरात. "बारा वर्षं, काका!" तो म्हणाला. मला विशेष वाटलं नाही. २०१८ साली कल्याणचा जुना पत्री पूल पाडला, तिथपासून २०२१ साली नवा खुला होईपर्यंत आम्ही भाच्याच्या घरी वळसा घालून जात होतो. वाट बघण्याच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवू नये. मग त्याने माझी पिशवी उघडली आणि त्याचा पोह्यांचा घास थांबला.

"काका, बाटल्या न पिता ठेवल्यात?"

"असू देत. नंतर लागतील."

"नंतर म्हणजे कधी?"

"अडचणीत."

"काका, तुमचं आयुष्य तीन उरलंय. शेजारी ट्रोल उभा आहे."

"तेवढं चालायचं. ह्याहून मोठी अडचण आली तर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "ह्यांचं सगळं असंच. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही."

हे मात्र मला लागलं. मी शोकेसकडे बोट दाखवलं. त्यात आमच्या लग्नात आलेला चिनी मातीचा टी-सेट आहे. सहा कप, सहा बश्या, किटली आणि साखरेचं भांडं, सगळ्यावर निळी फुलं. त्याची दर दिवाळीला आंघोळ होते. चहा त्याला अजून माहीत नाही.

"आणि ते?"

"ते वेगळं. ते पाहुण्यांसाठी आहे."

"मग हा कोण बसलाय?"

मुलाच्या हातात कान तुटलेला मग होता, कुठल्याशा विमा कंपनीने वाटलेला. बायकोने त्याच्याकडे मायेने पाहिलं. "हा काय पाहुणा आहे? हा आपलाच."

मुलगा गेल्यावर मी धडा घ्यायचं ठरवलं. जपून ठेवायचं नाही, आलं की वापरायचं. नव्या डावात सापडलेल्या सगळ्या बाटल्या ओळीने प्यालो. पहिलीने दिसेनासं झालं. दुसरीने भ्रम झाला. तिसरीने गाढ झोप लागली. त्या झोपेतच मी गेलो. कुणी मारलं ते बघायलाही जागा नव्हतो. त्याच उत्साहात मी शोकेसमधला एक कप काढून चहा ओतायला घेतला. त्याचं वर्णन करत नाही. आता बश्या सहा आहेत.

घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या रात्री डोळा उघडला तर बाजूला फोनचा उजेड.

"काय करतेस?"

"एवढं काय आहे त्यात ते बघतेय. झोपा तुम्ही."

मी उठून बघितलं. ती एका दुकानात होती. खेळात मधूनमधून दुकानं लागतात. दुकानदारही @ असतो, आणि तुम्ही वस्तू उचललीत की येऊन दारात उभा राहतो. भोळा पर्यटक दिसला की तो तिसरा हिस्सा भाव चढवून सांगतो. ही प्रत्येक वस्तू उचलत होती, भाव बघत होती आणि परत ठेवत होती. मग आपल्या पिशवीतली एकेक वस्तू त्याच्यासमोर ठेवायची, तो किती देतो ते ऐकायचं, "नको" म्हणायचं आणि उचलून घ्यायची.

"अगं, घ्यायचं नाही, विकायचं नाही, तर गेलीस कशाला?"

"भाव कळायला नको? ही गुंडाळी बघा, सगळ्यात स्वस्त आहे. म्हणजे रोजच्या वापरातली असणार. ही तीनशेची. ही असली-तसली नाही."

सकाळी मी खिडकीवाल्यांच्या मुलाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पट्टीचे खेळाडू हेच करतात. नावं लपवलेली असतात, पण किमती ठरलेल्या असतात. भावावरून माल ओळखायचा. सगळ्यात स्वस्त गुंडाळी म्हणजे बाकीच्या वस्तू ओळखून देणारी. हे कळायला मला दोन सेमिस्टर लागले. काकूंना कुणी शिकवलं?"

फडके रोडने शिकवलं. आयुष्यभर तिने त्या रस्त्यावर साड्या उलगडायला लावल्या, डब्यांची झाकणं लावून बघितली, भाव विचारले आणि "येते हं, ह्यांना घेऊन" म्हणून बाहेर पडली. मी ती सगळी वर्षं दुकानाबाहेर पिशवी धरून उभा राहून वाया गेली म्हणत होतो. ती सराव करत होती.

आता फोन तिच्याकडे असतो आणि मी गाडीत भजन म्हणतो. चौथी सीट परत मिळाली आहे. तिची पिशवी माझ्याहून मोठी आहे, पण तिला कुठल्या बाटलीत काय आहे ते माहीत असतं, आणि गरज पडली की ती खुशाल पिते. कुत्र्याला स्वतःआधी घालते. तो कुत्रा दुकानातून एकेक वस्तू तोंडात धरून बाहेर आणतो, आणि खेळाच्या नियमात त्याचे पैसे पडत नाहीत. "आपण कुठे सांगितलं? तो आपण होऊन आणतो," असं तिचं म्हणणं आहे. अडचण एकच. ती पाचव्या मजल्यावरच्या दुकानात शिरली आहे, आणि तिथून हलायचं नाव काढत नाही. दुकानदार दारात उभा आहे, कुत्रा सामान वाहतोय.

"अगं, खाली कधी उतरणार? ताईत खाली आहे."

"असू दे तिथे, कोण नेतंय? एवढं मोठं दुकान आहे, दिवाळीला सेल लावेलच की."